पुसलेले आकडे

भिंग डोळ्याला लावून डेल्मर रकमननं तिसऱ्यांदा तेच वाचलं. सात, एक, एक. आणि पुढे काहीच नाही. हातातलं पिस्तूल त्यानं खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं, मग सरळ धरलं, मग उलटं करून पाहिलं. जिथं आणखी तीन आकडे असायला हवे होते तिथं काळंनिळं, नितळ पोलाद होतं. इतकं नितळ, की त्यात स्वयंपाकघराच्या पडद्यावरची फुलं मोजता आली असती.

"अरे देवा," तो म्हणाला. घरात ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

घड्याळात सव्वादहा झाले होते. बारा वाजता त्याची मुलगी ट्वायला हे पिस्तूल न्यायला येणार होती. टेबलावर एक कोरा कागद होता आणि त्यावर त्यानं जपून, शाळकरी अक्षरात लिहायला घेतलं होतं: मी, डेल्मर रकमन, माझी दिवंगत पत्नी नॅडीन हिचं पिस्तूल माझ्या मुलीला भेट देत आहे, त्याचा क्रमांक. क्रमांकापाशी पेन थांबलं होतं. हा कागद ट्वायलाच्या वकीलबाईंनी मागितला होता. सोमवारी कोर्टात तारीख होती. ट्वायलाच्या नवऱ्यानं, ब्रेंटनं, तिच्या आसपास फिरकू नये आणि त्यांची चार वर्षांची मुलगी, मे, आईजवळच राहावी, असे दोन्ही निकाल त्या दिवशी लागायचे होते. तोवर ट्वायलाच्या घरात अशी एकही वस्तू नको जिचा कागद नाही, असं बाईंनी बजावलं होतं.

पिस्तुलाचा नंबर खोडलेला असणं म्हणजे काय, हे डेल्मर राहायचा त्या खोऱ्यात दहा वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. ते ज्याच्याजवळ सापडेल तो सरळ तुरुंगात. कोणी खोडला, का खोडला, मुद्दाम की चुकून, ते मागाहून.

आणि डेल्मरनं तो स्वतःच्या हातानं खोडला होता. चुकून का होईना, पण तीन आठवडे खपून, जीव ओतून खोडला होता.

चौतीस वर्षं तो बाटल्यांच्या साच्यांच्या कारखान्यात पॉलिशवाला होता. लोखंडी साच्याच्या आतल्या अंगावर केसाएवढा ओरखडा राहिला, तर तो पुढच्या लाखभर बाटल्यांवर उमटतो. म्हणून साच्यावरची खूण म्हणजे खोट, एवढं एकच शास्त्र त्याला आयुष्यभर शिकवलं गेलं. त्या कारखान्यात शेवटचा हात फिरवताना जुनी माणसं डोळे मिटून घ्यायची. चकाकी डोळ्यांना फसवते, अंगठ्याला फसवत नाही, असा त्यांचा विश्वास होता. डेल्मर त्या सगळ्यांत सरस. नवीन आलेल्यांना साहेब मुद्दाम त्याच्या टेबलापाशी आणून उभं करायचे आणि हा गडी डोळे मिटून बसलेला पाहून त्यांना वाटायचं, म्हातारा डुलकी काढतोय.

हे पिस्तूल तळहातात मावेल एवढं. पुलाजवळच्या दुकानात नॅडीन गळाला लावायचे किडे, पाव आणि सिगारेटी विकायची, तेव्हा बारा वर्षं ते तिच्या एप्रनच्या खिशात होतं. ओल्या हातांनी आणि घामानं त्यावर गंजाचे खड्डे पडले. ती गेल्यावर सहा वर्षं ते शिलाई मशीनच्या खणात पडून होतं. ट्वायलानं महिन्यापूर्वी फोनवर म्हटलं, "डॅडी, मम्मीचं ते छोटं पिस्तूल आहे का अजून?" आणि डेल्मरला वाटलं, चला, एक तरी गोष्ट आपल्याला देता येईल.

मग तो मागे हटला नाही. गंज उतरवला, खड्डे बुजेपर्यंत पॉलिश पेपर चालवला, आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. पोलादावर मुद्दाम पातळ गंज चढवून, ते उकळत्या पाण्यात घालून, घासून त्यावर काळीनिळी झाक आणली. एकदा नाही, सात वेळा. वादळात पडलेल्या अंगणातल्या अक्रोडाची मूठ कोरली. ती मापात बसावी म्हणून मेच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा ट्वायलाला मुठीत दाबायला लावला आणि त्या दाबलेल्या गोळ्यावरून बोटाबोटाचं माप घेतलं. आणि गेल्या शुक्रवारी, झाक चढवण्याआधी पोलादावर शेवटचा हात फिरवताना, सवयीनं डोळे मिटले. अंगठ्याला डावीकडे काहीतरी खरखरीत लागलं. अंगठ्याचं समाधान होईपर्यंत त्यानं ते घासलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, नवा चष्मा यायचा होता. उघड्या डोळ्यांनी तरी त्याला काय दिसलं असतं, हा प्रश्नच आहे. नंबर आधीच झिजलेला होता. अंगठ्याला तो खोट वाटला.

त्यानं भिंग खाली ठेवलं. तो उठला, बायबल उघडलं आणि त्यातून नॅडीननं जपून ठेवलेली दुकानाची पावती काढली. पिस्तूल घेतलं त्या दिवसाची. नंबर पूर्ण होता: सात एक एक चार नऊ दोन.

पावती त्यानं सोबत घेतली. मग मागच्या पडवीत गेला आणि कामाच्या बाकाखालून पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात पोलादी ठसे होते, शून्य ते नऊ. साच्यांवर नंबर ठोकायचे. कारखाना बंद झाला त्या दिवशी मालकानं म्हटलं होतं, जे उचलायचं ते उचला. कोणी खुर्च्या नेल्या, कोणी पंखे. डेल्मरनं ही पेटी आणली होती आणि नॅडीननं आठवडाभर त्याची टिंगल केली होती.

त्यानं चार, नऊ आणि दोन वेगळे काढले. शिशाच्या तुकड्यावर ठोकून पाहिले. तीन आकडे एका ओळीत, एका खोलीत, एका अंतरावर. मूळ ठशाशी जुळते. कोर्टातल्या वकिलालाच काय, ज्या कारखान्यानं ते पिस्तूल बनवलं त्यांनाही कळलं नसतं. दहा मिनिटांचं काम. ठोकलेल्या जागेवरची झाक सारखी करायला आणखी अर्धा तास.

तेवढ्यात अंगणात गाडीचं दार वाजलं. ट्वायला तासभर आधी आली होती.

त्यानं शिशाचा तुकडा खिशात टाकला आणि स्वयंपाकघरात येऊन पिस्तुलावर फडकं टाकलं. ट्वायला मुलीला कडेवर घेऊन आत आली. छत्तीस वर्षांची बाई, पण तीन आठवड्यांत चेहऱ्यावरचं मांस उतरलेलं. मे झोपली होती. तिला सोफ्यावर ठेवून ट्वायला टेबलापाशी आली.

"लवकर आले. कामावरून सोडलं. झालंय का?"

"झालंय," डेल्मर म्हणाला, कारण दुसरं काही सुचेना.

तिनं फडकं उचललं. पिस्तूल रिकामं आहे हे तिनं स्वतः उघडून पाहिलं, बापानंच लहानपणी शिकवलं होतं तसं, आणि मग मूठ हातात धरली. चारही बोटं आपापल्या जागी जाऊन बसली.

"आई गं," ती म्हणाली आणि हसली. महिनाभरात पहिल्यांदा. "डॅडी, हे मम्मीचंच आहे ना? बदलून तर आणलं नाही?"

"तिचंच."

"मम्मीनं बघितलं असतं तर म्हणाली असती, आता हे एप्रनच्या खिशात कसं ठेवू, कपाटात मांडायला हवं!" तिनं डोळे पुसले. "कागद झाला?"

"एक पाच मिनिटं दे. बारीक काम राहिलंय."

"आता कसलं बारीक काम? तुमचं कधी संपतच नाही."

"पाच मिनिटं, ट्वायला. बीन्स आहेत शेगडीवर, मक्याचा पाव आहे. खाऊन घे."

पिस्तूल घेऊन तो पडवीत गेला. बाकावरच्या लोखंडी शिकंज्यात चामड्याचे तुकडे घालून त्यानं ते पकडलं. चारचा ठसा जागेवर धरला आणि हातोडी उचलली. सत्तरीला आलेल्या माणसाचा हात, पण हलला नाही. या हातानं त्याला कधी दगा दिला नव्हता, गेला शुक्रवार सोडला तर.

स्वयंपाकघरातून ट्वायला तोंडात घास ठेवून बोलत होती. "सकाळी ब्रेंट पुन्हा गेला घरावरून. मारहाणीच्या केसमध्ये जामीन झाल्यापासून रोज दोनदा. थांबत नाही, नुसता ट्रक हळू करतो. मी पडद्याआडून बघते. पण आज मला भीती नाही वाटली, खरं सांगते. म्हटलं, दुपारी डॅडी देणार आहेत."

हातोडी वरच राहिली.

तीन वर्षांपूर्वी याच स्वयंपाकघरात ती वर्षाच्या मुलीला घेऊन आली होती. ओठ फाटलेला, एका पायात चप्पल. डेल्मर टीव्हीवर मॅच बघत होता. त्यानं आवाज कमी केला, एवढंच. म्हणाला, संसारात भांडणं व्हायचीच, तो झोपेल आणि सकाळी शांत होईल, काही होत नाही. आणि मग स्वतः गाडी काढून तिला परत नेऊन सोडलं. ब्रेंटनं दारात हात मिळवला होता. डेल्मरनंही मिळवला. त्यानंतर बाप-लेक हवापाण्यावर बोलत राहिले, नाताळात भेटवस्तू देत राहिले, आणि त्या रात्रीबद्दल दोघांपैकी कोणी ब्र काढला नाही. हे पिस्तूल म्हणजे डेल्मरची माफी होती. तोंडानं मागता येत नव्हती म्हणून तो तीन आठवडे घासत बसला होता.

त्यानं हातोडी खाली ठेवली. शिकंजा सैल केला आणि पिस्तूल घेऊन स्वयंपाकघरात आला.

"ट्वायला, हे तुला देता येत नाही."

"काय?"

"नंबर गेला. मी घासून टाकला. गेल्या शुक्रवारी. आत्ता सकाळी कळलं मला."

ती आधी समजली नाही. मग तिनं पिस्तूल ओढून घेतलं, उजेडात धरलं आणि नंबराच्या जागेवरून बोट फिरवलं.

"हे घेऊन मी सापडले असते तर?"

"तुरुंगात गेली असतीस. आणि सोमवारी मे त्याच्याकडे."

"एक गोष्ट मागितली होती तुमच्याकडे." आवाज मोठा नव्हता, मे झोपली होती म्हणून. "सगळ्या आयुष्यात एक. जशीच्या तशी दिली असती तरी चाललं असतं. गंजलेली दिली असती तरी चाललं असतं! तुम्हाला ती चमकवायची होती. तुम्हाला ना, माणूस दिसत नाही, ओरखडा दिसतो."

"खरं आहे."

"खरं आहे काय, खरं आहे!" तिची नजर पडवीच्या उघड्या दारातून बाकावर गेली. हातोडी, पावती, तीन ठसे. ती थांबली. "हे करत होता तुम्ही? मग करा ना! पावतीवर नंबर आहे. ठोका. तुमचं काम कोणाला ओळखू येणारे?"

"कोणाला नाही."

"मग?"

डेल्मर खुर्चीवर बसला. उभं राहून हे बोलता येणार नव्हतं. "त्या रात्री मी तुला परत नेऊन सोडलं. म्हटलं, काही होत नाही. मला ठाऊक होतं होतंय ते. तुझा ओठ मी पाहिला होता, ट्वायला. मला मॅच बघायची होती आणि मला त्याच्याशी वाकडं घ्यायचं नव्हतं. भ्यालो मी." "आता हे ठोकलं तर कोर्टात शपथेवर तुला माझं खोटं खरं म्हणून सांगावं लागेल. पुन्हा तुला 'काही होत नाही' म्हणून घरी पाठवायचं नाहीये मला."

तिनं ताटली बाजूला सारली. शेगडीवर बीन्स खदखदत होत्या. मग तिनं शेगडी बंद केली, मुलीला उचललं आणि बाहेर गेली. गाडीचं दार आपटलं. इंजिन सुरू झालं.

डेल्मरनं पोलिसांना, शेरीफच्या ऑफिसात फोन केला, नाव सांगितलं आणि काय घेऊन येतोय तेही सांगितलं. पिस्तूल फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात घातलं, त्यावर नॅडीनची पावती ठेवली. मग आठवलं की नवा चष्मा येईपर्यंत डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलीय. डबा घेऊन चालतच निघावं म्हणून तो बाहेर आला, तर ट्वायलाची गाडी अंगणातच घरघरत उभी होती. ती स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली होती.

त्यानं काचेवर टकटक केली. "शेरीफच्या ऑफिसात सोडतेस का मला?"

तिनं मान वर न करता मागची डिकी उघडली. डबा त्यानं डिकीत ठेवला आणि पुढच्या सीटवरचं धुण्याचं गाठोडं मांडीवर घेऊन बसला.

शेरीफच्या हाताखालचा डेप्युटी कार्व्हर चाळिशीचा, जाडजूड, मोजकं बोलणारा. डेल्मर दरवर्षी चर्चच्या मासळीच्या जेवणात तळणीवर असायचा आणि कार्व्हर तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा, एवढी ओळख. त्यानं पावती वाचली, डेल्मरचं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही टोकलं नाही. मग म्हणाला, "मिस्टर डेल्मर, हे दुसऱ्या कोणी आणलं असतं तर मी आत्ता बेड्या शोधत असतो."

"शोध की. मी पळत नाही."

"गप्प बसा जरा." त्यानं हातमोजे घातले, पिस्तूल उचललं आणि लिहून घ्यायला लागला. लिहिता लिहिता त्याचा हात मंदावला. तो उठून खिडकीपाशी गेला, पिस्तूल उजेडात फिरवलं, मुठीवरून बोट फिरवलं. "हे यंत्रावर केलंय?"

"हातानं."

"झाकसुद्धा?"

"सात वेळा."

"अरे, इकडे ये," कार्व्हरनं आतल्या माणसाला हाक मारली. "हे बघून जा." दोघं खिडकीत उभे राहून बघत बसले, जसं लोक दुसऱ्याच्या गाडीचं बॉनेट उघडून बघतात. मग कार्व्हरनं नाइलाजानं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवलं, पिशवीला चिकटपट्टी लावली आणि तारीख घातली. "सरकारी वकिलाकडे जाईल. स्वतःहून आणलंत, पावती आहे, तेव्हा तुमच्यावर काही येईलसं वाटत नाही. पण हे परत मिळणार नाही. कापून टाकतात."

"ठाऊक आहे."

"एवढी खटपट कशासाठी केलीत?"

डेल्मरनं ब्रेंटच्या ट्रकचं सांगितलं. रोज दोनदा. ट्वायलानं चार वेळा तक्रार केल्याचंही सांगितलं. कार्व्हरनं पेनाला टोपण लावलं. "रस्ता सगळ्यांचा आहे, मिस्टर डेल्मर. थांबला नाही, उतरला नाही, तर सोमवारपर्यंत माझ्या हातात काही नाही. आमची गाडी एखादी फेरी मारेल. त्याहून जास्त कबूल करत नाही."

"नको करूस. कबूल करून न करणारे बघितलेत." तो स्वतःबद्दलच बोलत होता, पण कार्व्हर लाल झाला.

डेल्मर सही करून बाहेर आला. त्याला वाटलं होतं, ट्वायला गेली असेल. ती होती. मे जागी झाली होती आणि मागच्या सीटवर पेपरोनी रोलच्या पावातले मांसाचे काप तेवढे काढून खात होती.

"काय म्हणाला?"

"कापून टाकतील."

ट्वायलानं मान हलवली. मग विचारलं, "तुमची हरणं मारायची बंदूक?"

"ऑपरेशनआधीच देऊन टाकली. चर्चच्या लॉटरीत बक्षीस म्हणून. दिसतच नव्हतं, ठेवून काय करू?" त्यानं गाठोडं पुन्हा मांडीवर घेतलं. "सोमवारपर्यंत मी येऊन राहतो तुझ्याकडे."

"तुम्ही? तुम्हाला समोरचा खांब दिसत नाही."

"त्याला कुठं माहिती आहे ते."

तिच्या तोंडाचा कोपरा हलल्यासारखा झाला, पण हसू काही बाहेर पडलं नाही. "तो दारात आला तर काय करणार?"

"दार उघडणार नाही."

तिनं मागे वळून मेच्या तोंडाला लागलेले चुरे पुसले. मग गाडी सुरू केली आणि त्याच्या घराकडे जाणारं वळण न घेता सरळ आपल्या रस्त्याला लागली.

ट्वायलाचं घर रस्त्याला लागून, टेकडीच्या पायथ्याशी. चार वाजता उन्हं कललेली असताना डेल्मर पुढच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला होता. आत मे काहीतरी बडबडत होती. त्याला ट्रक दिसण्याआधी ऐकू आला. वळणावर गिअर बदलला, वेग उतरला.

त्या खोऱ्यात रस्त्यानं गाडी गेली की माणूस नमस्कारासाठी हात वर करतो. ओळखीचा असो, परका असो, उसनवार बुडवून पळालेला असो. डेल्मरनं जन्मभर केला होता, प्रेतं नेणाऱ्या गाडीलासुद्धा. तो उठून पायरीच्या कडेला आला. समोर फक्त एक लाल डाग हळूहळू सरकत होता. काचेआड कोण, कसा बघतोय, हे त्याला दिसत नव्हतं. डाग घरासमोर आला आणि जवळजवळ थांबला. दोनदा हॉर्न वाजला, ओळखीतला माणूस वाजवतो तसा.

डेल्मरनं दोन्ही हात खालीच ठेवले. तो डागाकडे तोंड करून उभा राहिला. इंजिन तसंच घरघरत राहिलं, किती वेळ ते त्याला सांगता आलं नसतं. मग आवाज पुढे सरकला, चढावर चढला आणि लांब गेला.

जाळीच्या दाराआडून ट्वायलानं विचारलं, "गेला?"

"गेला," डेल्मर म्हणाला, आणि उभाच राहिला.